गाडी नवऱ्याचाच फोन पकडते, माझा नाही

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, इथे थोडक्यात देतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सेकंडहँड हॅचबॅक घेतली, टचस्क्रीन स्टिरिओवाली. घरात गाडी तिघं चालवतात, त्या, त्यांचे मिस्टर आणि कॉलेजला जाणारा मुलगा. दर शनिवारी ताई एकट्या पुण्याला आईकडे जातात, आईची तब्येत नाजूक असते त्यामुळे रस्त्यात तिचा फोन आला तर घ्यावाच लागतो. मिस्टरांनी नवा फोन घेतल्यापासून सगळा घोळ सुरू झालाय. खाली पार्किंगमध्ये ताईंनी गाडी सुरू केली की पहिल्या मजल्यावर बसलेल्या मिस्टरांचा फोन गाडीला जोडला जातो, एकदा तर त्यांच्या साहेबांचा आवाज थेट गाडीत आला. ताईंचा फोन जोडला गेलाच तर कॉल होतो पण गाणी येत नाहीत, स्क्रीनवर नावं न येता नुसते नंबर येतात, आई म्हणते तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, मुलाचा फोन तर जोडलाच जात नाही आणि खंबाटकी घाटाच्या आसपास कॉल हमखास तुटतो. एका दुकानदाराने स्टिरिओच बदला म्हणून सांगितलंय. बदलू का, असं ताई विचारतात.

ताई, नका बदलू. निदान आत्ता तरी नकाच. तुम्ही जे लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं एका दुपारी घरच्या घरी, एक रुपया न घालवता ठीक होण्यासारखं आहे. मला काळजी वेगळीच वाटते, आईचा फोन आलाय आणि गाडी तो घेत नाहीये म्हटल्यावर हात आपोआप पर्सकडे जातो, तेही हायवेवर ट्रकच्या मध्ये असताना. म्हणून हे काम पुढच्या शनिवारच्या आधी उरकाच. कायद्याचं सांगायचं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय आणि पहिल्याच गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड किंवा तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाचं सोडा, तुम्ही एकट्या असता हे महत्त्वाचं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ब्लूटूथने फोन आणि गाडी जोडली जाते तेव्हा ते एकच एक कनेक्शन नसतं, आतमध्ये तीन-चार वेगवेगळी कामं वेगवेगळी चालू असतात. कॉलचा आवाज एका प्रोफाइलवरून, म्हणजे त्या कामासाठी ठरवलेल्या वाटेवरून जातो, त्याला हँड्सफ्री म्हणतात. गाणी दुसऱ्याच प्रोफाइलवरून जातात, ते ए-टू-डी-पी. गाणं पुढे-मागे करणं आणि स्क्रीनवर गाण्याचं नाव दाखवणं हे तिसरं, आणि कॉन्टॅक्टची नावं गाडीत नेणं हे चौथं. त्यामुळे 'कनेक्टेड' असं स्क्रीनवर दिसतं आणि तरी कॉल चालतात पण गाणी येत नाहीत, किंवा दोन्ही चालतं पण नावं येत नाहीत, हे अगदी शक्य आहे आणि त्यात स्टिरिओ बिघडलाय असा अर्थ होत नाही.

दुसरं म्हणजे पेअरिंग करताना, म्हणजे फोन आणि गाडीची पहिली ओळख करून देताना, एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती दोन्हीकडे साठवली जाते, फोनमध्येही आणि गाडीतही. लोक काय करतात, काही बिघडलं की फक्त फोनमधून गाडी 'फरगेट' करतात आणि परत जोडायला जातात. पण गाडीकडे जुनी किल्ली तशीच पडून असते, दोघांचं जुळत नाही, मग कधी जोडतं, कधी तुटतं, कधी पेअरिंग फेल म्हणून येतं. काढायचं तर दोन्हीकडून काढायचं. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल ताई पण एवढं मात्र लक्षात ठेवा.

आता मुलाच्या फोनकडे येतो मी आधी, कारण मला वाटतं गुंता तिथूनच सुटेल. गाडी सेकंडहँड आहे ना? मग स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ, त्यात पेअर केलेल्या डिव्हाइसची यादी उघडून बघा. बहुतेक तिथे तुमच्या ओळखीचे नसलेले फोन दिसतील, म्हणजे आधीच्या मालकांचे, त्यांच्या घरच्यांचे, कदाचित एजंटने टेस्ट करताना जोडलेला सुद्धा. बऱ्याच गाड्यांच्या यादीत मोजक्याच फोनना जागा असते, कुठे पाच, कुठे थोडे जास्त, आणि यादी भरली की काही युनिट, म्हणजे स्टिरिओ, गुपचूप जुना फोन काढून टाकतात तर काही नवीन फोनला सरळ नकार देतात आणि का ते सांगतही नाहीत. मुलाचा फोन न जोडला जाण्याचं हे सगळ्यात साधं कारण असू शकतं. ते सगळे अनोळखी फोन काढून टाका. आणि हो, त्यांचे कॉन्टॅक्ट किंवा कॉल हिस्टरी अजून गाडीत राहिली असेल तर ती उघडून बघत बसू नका, पुसून टाका, दुसऱ्याच्या घरचे नंबर आहेत ते. उद्या तुम्ही गाडी विकाल तेव्हा स्वतःचंही असंच साफ करून द्या, आपल्याकडे आरसी, इन्शुरन्स सगळं ट्रान्सफर होतं पण हे कुणी लक्षातच घेत नाही.

यादी साफ करायला बसलाच आहात तर मी म्हणेन एकेक फोन काढत बसण्यापेक्षा सगळंच पुसा आणि कोऱ्या पाटीवरून सुरुवात करा. स्टिरिओमध्ये फॅक्टरी रीसेट असा ऑप्शन असतो, तो दिला की फोन, रेडिओ स्टेशनं, आवाजाची सेटिंग सगळं जातं, तेवढं नंतर परत लावावं लागेल, पण दोन वर्षांचा कचराही जातो. युनिट हँग होत असेल तर बऱ्याच स्टिरिओंमध्ये पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की ते रीस्टार्ट होतं, त्याने मेमरी जात नाही, तेही करून बघण्यासारखं आहे. तुमच्या मॉडेलचं बटण कुठलं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं.

मग जोडायचं कसं तर असं. गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, इंजिन सुरू ठेवलं तर उत्तम म्हणजे बॅटरी उतरणार नाही, पण बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, मोकळ्या जागेत करा. बऱ्याच गाड्या चालत्या असताना पेअरिंग करूच देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पहिल्यांदा फक्त तुमचा फोन घ्यायचा, घरातल्या बाकी सगळ्या फोनचं ब्लूटूथ बंद, तुमचं स्मार्टवॉच असेल तर तेही बंद, इअरबड्स डबीत आणि डबी बंद. हे बड्स आणि वॉच फार घोळ घालतात, लोकांच्या लक्षात येत नाही, कॉल आलेला असतो गाडीत पण आवाज जातो पर्समधल्या बड्सना किंवा मनगटावरच्या घड्याळाला, आणि दोष गाडीला. तुमच्या फोनमध्ये गाडीचं जुनं नाव असेल तर ते फरगेट करा, फोन रीस्टार्ट करा, मग गाडीच्या स्क्रीनवरून नवीन डिव्हाइस जोडा म्हणून सुरू करा. दोन्ही स्क्रीनवर सहा आकडी नंबर येईल, तो सारखा आहे ना बघून दोन्हीकडे हो म्हणा. जुन्या किंवा स्वस्त युनिटमध्ये पिन मागतात, तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. लगेच फोनवर एक चौकट येते, कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी वापरू द्यायची का, आणि इथेच घाईत बहुतेक जण नाही दाबतात.

तुमच्या नावांचा प्रश्न इथला आहे. आता ती चौकट निघून गेली असली तरी हरकत नाही, अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढे गिअरचं चिन्ह असतं, त्यात गेलात की कॉल, मीडिया ऑडिओ आणि कॉन्टॅक्ट शेअरिंग अशी वेगवेगळी बटणं दिसतील, कंपनीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे. आयफोनमध्ये गाडीच्या नावापुढच्या आय चिन्हात सिंक कॉन्टॅक्ट्स असतं. कॉन्टॅक्टचं बटण चालू करा आणि मग गाडीला पाच-दहा मिनिटं द्या, हजारभर नावं असतील तर ती ओढायला वेळ लागतो आणि तोवर नंबरच दिसतात. काही युनिट ठराविक आकड्यापुढे नावं घेतच नाहीत, तसं असेल तर जुने गॅसवाले, प्लंबर, लग्नाचे केटरर यांची सफाई करावी लागेल.

आणि एक आपल्याकडचा खास प्रश्न. तुम्ही नावं मराठीत सेव्ह करता का? पत्र तुम्ही इतकं छान मराठीत टाइप केलंय म्हणून विचारतो. जुन्या हेड युनिटमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो, मग 'आई' च्या जागी चौकोन दिसतात किंवा जागा कोरी राहते. मला हे मनापासून खटकतं, आपल्या इथे विकलेल्या गाडीला आपली लिपी वाचता यायला हवी, पण आज तुमच्या सोयीसाठी निदान आई, मिस्टर, मुलगा, आईचे डॉक्टर आणि शेजारच्या काकू एवढे पाच-सहा नंबर इंग्रजी अक्षरांत सेव्ह करून ठेवा म्हणजे स्क्रीनवर एका नजरेत कळेल कुणाचा फोन आहे ते.

आता गाणी. तेच गिअरचं पान, मीडिया ऑडिओचं बटण चालू आहे का बघा, तुमचं ते बंद असणार असा माझा अंदाज आहे. चालू असेल आणि तरी गाणी येत नसतील तर गाडीच्या स्क्रीनवर सोर्स बघा, रेडिओ किंवा यूएसबीवर असेल तर ते ब्लूटूथ ऑडिओवर आणावं लागतं, कॉल मात्र सोर्स कुठलाही असला तरी मध्ये घुसून वाजतोच, म्हणून कॉल चालतात आणि गाणी नाही असं वाटतं. तिसरी शक्यता म्हणजे तुम्ही फोन चार्जिंगला केबलने लावत असाल आणि गाडीत अँड्रॉइड ऑटो (फोनमधली अॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) असेल तर गाणी केबलवरून जायला लागतात, ब्लूटूथवरून फक्त कॉल. वायरलेस अँड्रॉइड ऑटो असेल तर ओळख पटवायला आणि कॉलला ब्लूटूथ आणि गाणी वगैरे वायफायवरून, तेव्हा फोनचं वायफाय बंद ठेवलंत तर तेही चालणार नाही. म्हणजे गाणी येत नाहीत म्हणताना ती कुठल्या वाटेने यायला हवीत ते आधी बघायचं.

गाणी मध्येच अडकत असतील तर मुलगा शेजारी बसून तुमच्या फोनचा हॉटस्पॉट वापरतोय का बघा. ब्लूटूथ आणि साधं वायफाय दोन्ही २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. ब्लूटूथ त्या पट्ट्यातल्या ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत गर्दी टाळतं खरं, पण एकाच फोनमधून दोन्ही जोरात चालू असलं की ताण येतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गीगाहर्ट्झ निवडा, बरंचसं थांबेल. फोन सीटखाली किंवा पर्समध्ये तळाशी ठेवू नका, या लहरी माणसाच्या शरीरातून, सामानातून नीट जात नाहीत, डॅशबोर्डवर होल्डरमध्ये उत्तम.

मिस्टरांच्या फोनचं बघूया. ब्लूटूथचा साधारण पल्ला दहा मीटरचा, मध्ये स्लॅब असला तर कमी होतो, पण पहिला मजला आणि गाडी बरोबर खाली असेल तर पुरेसा पोचतो. गाडी सुरू झाली की ती यादीतला फोन शोधायला लागते, बहुतेक गाड्या शेवटी जोडलेल्या फोनला आधी हाक मारतात, त्यामुळे शुक्रवारी रात्री मिस्टरांनी गाडी लावली असेल तर शनिवारी सकाळी त्यांचाच फोन उचलला जाणार. स्टिरिओमध्ये प्रायॉरिटी किंवा फेव्हरेट फोन असा ऑप्शन असेल तर तो तुमच्या फोनला द्या, आणि याबद्दल घरात वाद नको, जी एकटी लांबचं अंतर चालवते तिचा फोन पहिला. तसा ऑप्शन नसेल तर मिस्टरांच्या अँड्रॉइडमध्ये गाडीच्या नावापुढच्या गिअरमध्ये कॉल आणि मीडिया दोन्ही बटणं बंद करून ठेवायची, फोन आपोआप जोडला जाणार नाही, ते स्वतः चालवतील तेव्हा चालू करतील. त्यांचा आयफोन असेल तर एक गोष्ट सांगा त्यांना, कंट्रोल सेंटरमधून ब्लूटूथ बंद केलं तर ते पूर्ण बंद होत नाही, जोडलेली उपकरणं फक्त सुटतात आणि पहाटे पाचला ते आपोआप परत चालू होतं. रात्री बंद करून झोपलो तरी सकाळी गाडीने फोन पकडलाच कसा, असं म्हणणाऱ्यांचं उत्तर हे आहे. पूर्ण बंद करायचं तर सेटिंगमध्ये जाऊनच. आणि तुम्ही स्टार्टर मारल्यावर लगेच निघू नका, स्क्रीनवर कुणाच्या फोनचं नाव आलंय ते बघा, चुकीचं असेल तर तिथेच बदला, सोसायटीच्या गेटबाहेर पडल्यावर नाही.

विहिरीतल्या आवाजाचं. आईला तुमचा आवाज लांबून येतो की तिला तिचाच आवाज परत ऐकू येतो, हे तिला नीट विचारा, दोन्ही वेगळे आजार आहेत. तिचाच आवाज परत येत असेल तर गाडीतल्या स्पीकरचा आवाज इतका मोठा आहे की तो गाडीचा माइक परत पकडतोय. कॉल चालू असतानाचा व्हॉल्यूम हा गाण्यांच्या व्हॉल्यूमपेक्षा वेगळा असतो आणि तो कॉल चालू असतानाच कमी करता येतो, तर गाडी उभी करून मिस्टरांना एक कॉल लावा आणि तो उतरवा. तुमचा आवाज लांबून येत असेल तर माइक शोधा, तो बहुतेक वरच्या दिव्यापाशी किंवा स्टीअरिंगजवळ जाळीमागे असतो. एसीचा झोत त्याच्यावर येत असेल तर व्हेंट फिरवा, ब्लोअर एक-दोन घर कमी करा, काच लावा. आधीच्या मालकाने बाहेरून स्टिरिओ बसवला असेल तर माइकची वायर डॅशबोर्डच्या आत कुठेतरी कोंबलेली असू शकते, ही फार नेहमीची गोष्ट आहे, तो माइक वर, पुढच्या काचेशेजारच्या खांबापाशी आणून लावला की आवाज एकदम सुधारतो आणि त्याला नवीन स्टिरिओ लागत नाही. आई व्हॉट्सअॅपवर कॉल करत असेल आणि तेवढाच गाडीत येत नसेल तर अँड्रॉइड १२ पासून आलेली 'जवळची डिव्हाइस' ही परवानगी व्हॉट्सअॅपला दिलीये का ते बघा. तरी मी म्हणेन प्रवासात आईला साधाच कॉल करायला सांगा, इंटरनेट ढेपाळलं की व्हॉट्सअॅप कॉल आधी जातो.

खंबाटकीचं ब्लूटूथशी काही नातं नाही. फोन आणि गाडी यांच्यात हातभर अंतर, तिथे डोंगर मध्ये येत नाही, डोंगर येतो तो तुमच्या फोन आणि मोबाइल टॉवरच्या मध्ये, आणि बोगद्यात तर येणारच. खात्री करायची असेल तर फोनमध्ये डाउनलोड केलेलं एखादं गाणं त्या पट्ट्यात लावून ठेवा, ते सलग वाजलं म्हणजे ब्लूटूथ ठणठणीत आहे आणि तुटतंय ते नेटवर्क. आईला आधीच सांगून ठेवा की त्या भागात कॉल कट झाला तर घाबरायचं नाही, मी पुढे शिरवळला थांबून फोन करते. हे सांगणं कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त उपयोगी पडेल, म्हातारी माणसं कॉल मध्येच तुटला की नको ते मनात आणतात.

एवढं करूनही जमलं नाही तर कुणाचा दोष ते ठरवायची सोपी रीत आहे. तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या गाडीला किंवा ब्लूटूथ स्पीकरला जोडून बघा आणि शेजाऱ्यांचा फोन तुमच्या गाडीला. तुमचा फोन सगळीकडेच रडत असेल तर फोनमध्ये नेटवर्क किंवा ब्लूटूथ रीसेट करा, अँड्रॉइडमध्ये सिस्टीममधल्या रीसेट ऑप्शन्समध्ये आणि आयफोनमध्ये जनरलमध्ये खाली मिळेल, फोटो-मेसेज जात नाहीत पण साठवलेले वायफायचे पासवर्ड जातात ते आधी लिहून ठेवा. तुमच्या गाडीला कुणाचाच फोन नीट लागत नसेल तेव्हा मात्र गाडीकडे बोट दाखवा, आणि तेव्हाही आधी स्टिरिओच्या सॉफ्टवेअर अपडेटची चौकशी करा, बऱ्याच मॉडेलचं ते पेनड्राइव्हवरून सर्व्हिस सेंटरला होतं. फोन नवा आणि स्टिरिओचं सॉफ्टवेअर जुनं, अशी जोडी फार वेळा अडते. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्सचे (सेटिंगमधल्या एरवी लपवलेल्या पानावरचे) उपाय लोक व्हिडिओत सांगतात, त्यातलं एव्हीआरसीपी, म्हणजे वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रोफाइलचं, व्हर्जन बदलणं हे गाण्याचं नाव दिसत नसेल किंवा स्टीअरिंगच्या बटणाने गाणं बदलत नसेल तेव्हा खरंच कामाला येतं, मुलाकडून करून घ्या, पण त्या पानावरचं दुसरं काही हलवू नका.

दुकानदाराकडे परत गेलात तर नवा स्टिरिओ दाखवा म्हणू नका, माइक कुठे आहे तो दाखवा म्हणा. आणि यातून काही उरलंच तर मला परत लिहा, फक्त लिहिताना तुमच्या फोनचं मॉडेल, त्यातलं अँड्रॉइड किंवा आयओएसचं व्हर्जन आणि गाडीच्या सेटिंगमध्ये अबाउट किंवा सिस्टीम इन्फो खाली दिसणारा सॉफ्टवेअरचा नंबर एवढं नक्की टाका, मुलाचा फोन यादी रिकामी केल्यावर जोडला गेला की नाही तेही कळवा.